दुर्बिणीच्या खोक्यात नसलेलं सामान

साठ मिलिमीटरच्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर हमखास एक आकडा ठळक छापलेला असतो : ५२५ पट. तो येतो कुठून, हे बघण्यासारखं आहे. भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिमी; सोबत दिलेला सगळ्यात लहान आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ४ मिमीचा. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यावर सोबतचा ३ पटीचा प्लास्टिकचा बार्लो, म्हणजे आयपीसचं वर्धन वाढवणारं जोडभिंग, चढवला की ५२५. गणित चोख आहे. पण दुर्बिणीला झेपणारं वर्धन ढोबळमानाने तिच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असतं, म्हणजे ६० मिमीला १२० पट. त्यापुढे चंद्र फुगत जातो, अंधारत जातो, आणि नवीन एक विवरही दिसत नाही. दुर्बीण माळ्यावर जाते ती बहुतेकदा या आकड्यापायी.

मग घरातलं कुणी तरी म्हणतं की जोडसामान चांगलं घ्यायला हवं होतं. शोधल्यावर ॲल्युमिनियमची एक देखणी पेटी सापडते : पाच आयपीस, एक बार्लो, अर्धा डझन रंगीत फिल्टर, सगळं काळ्या फोममध्ये नीट बसवलेलं. ती घेऊ नये. त्यातल्या निम्म्या वस्तू आयुष्यभर फोममध्येच राहतात. सामान घ्यायचं ते तक्रार पाहून. आयपीसला डोळा लावल्यावर नेमकं काय खटकतं? हलतं, सापडत नाही, पुसट दिसतं, लहान दिसतं, की डोळा टेकवताच येत नाही? प्रत्येक तक्रारीचा इलाज वेगळा आहे, आणि पहिल्या तिघींचा तर जवळपास फुकट आहे.

उदाहरणाला एक दुर्बीण धरू. १३० मिमी व्यासाचा आरसा, ६५० मिमी नाभीय अंतर; ६५० भागिले १३० म्हणजे एफ/५. हलक्या इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीमागे एका अक्षावर फिरवता येणाऱ्या बैठकीवर, बसवलेली. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस आणि लाल ठिपक्याचा फाइंडर, म्हणजे दुर्बिणीचा नेम धरायचं छोटं साधन. आपल्याकडे नवशिक्यांच्या हाती ही किंवा हिच्या जवळची जोडणी बरीच दिसते. वस्तू चांगली आहे. शनीची कडी, गुरूचे पट्टे, मृगातला तेजोमेघ, सगळं तिच्यातून दिसतं.

पहिली तक्रार, हलतं. फोकसरला, म्हणजे आयपीस बसतो त्या सरकत्या नळीला, बोटाने हलकी टिचकी मारून बघा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं तर ठीक. पाच-सहा सेकंद थरथरत राहिलं, तर नवा आयपीस घेऊन काही होणार नाही, कारण वर्धनाबरोबर थरथरही तितकीच मोठी होते. तिपाईचे पाय पूर्ण आत सरकवून ठेवा. उभ्याने बघायच्या हौसेपायी ते लांब केलेले असतात. त्यापेक्षा प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसून बघा. बसून बघणाऱ्याला ग्रहावरचे बारकावे जास्त दिसतात, कारण डोळा एका जागी राहतो. तिपाईच्या मधल्या तबकाखाली दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून टांगा. पिशवी मात्र जमिनीला जेमतेम टेकू द्या, नाहीतर वाऱ्यावर लोलकासारखी झुलून तीच हलवते. गच्चीवर पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा आणि शेजारी फेऱ्या मारणाऱ्यांना खाली बसवा. माणसाच्या पावलांनी स्लॅब हलतो हे ६५ पटीवर लगेच कळतं.

दुसरी तक्रार, सापडत नाही. इथे दोष नव्वद टक्के वेळा फाइंडर न जुळवल्याचा असतो, आणि लोक तो रात्री अंधारात जुळवायला जातात. ते काम दिवसाचं आहे. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर धरा, सूर्याच्या विरुद्ध दिशेचा. आधी २५ मिमीचा आयपीस लावून टॉवरचं टोक मधोमध आणा, मग १० मिमी लावून तेच पुन्हा मधोमध. आता दुर्बिणीला धक्का न लावता फाइंडरचे दोन स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच टोकावर बसवा. रात्री एखाद्या ठळक ग्रहावर खात्री करून घ्या. ठिपका जास्त प्रखर ठेवला तर मागचा तारा झाकला जातो, म्हणून मंद ठेवा. वापरून झाल्यावर बटण बंद करायचं विसरतं, हे गृहीत धरून गोल सेल, बहुतेक सीआर २०३२, एक जास्तीचा खिशात ठेवा.

शहरात मात्र लाल ठिपक्याची एक अडचण खरी आहे. ठिपका बसवायला डोळ्याला तारा तरी दिसायला हवा. पुण्या-मुंबईच्या आकाशात एखाद्या तारकासमूहातले जेमतेम चार तारे दिसत असतील, तर पुढचं पाऊल टाकायला खूणच उरत नाही. तिथे ६×३०चा (६ पट वर्धन, ३० मिमी भिंग) किंवा जमल्यास ९×५०चा, काटकोनात वळवलेला आणि चित्र सरळ दाखवणारा फाइंडर हा पैसे खर्चण्याजोगा पहिला विषय आहे. काटकोनाचा यासाठी की तारा डोक्यावर असताना सरळ फाइंडरखाली मान घालणं चाळिशीनंतर जमत नाही.

तिसरी तक्रार, पुसट दिसतं. परावर्तक, म्हणजे आरशाची, दुर्बीण असेल तर आधी आरसे जुळलेले आहेत का ते पाहावं. याला कॉलिमेशन म्हणतात आणि नवशिक्याला त्याची विनाकारण धास्ती असते. लागणारं हत्यार म्हणजे फोकसरच्या प्लास्टिकच्या टोपणाला बरोबर मध्यभागी पाडलेलं दोन मिलिमीटरचं भोक. जुन्या ३५ मिमी कॅमेरा रोलची डबी कुठे मिळाली तर तीही सव्वा इंची फोकसरमध्ये छान बसते. पुढची पायरी म्हणजे चेशायर आयपीस, ज्यात भोक, तारांची फुली आणि तिरकी चकचकीत कड असते.

नळी आडवी ठेवा. उभी ठेवली आणि हातातली ॲलन की सुटली, तर ती थेट मुख्य आरशावर पडते. भोकातून बघितलं की आधी दिसतो दुय्यम आरसा, मग त्यात मुख्य आरशाचं प्रतिबिंब, आणि त्या प्रतिबिंबाच्या मध्ये पुन्हा दुय्यम आरशाची काळी सावली. मुख्य आरसा धरणाऱ्या तिन्ही चिमट्या दिसायला हव्यात. एखादी दिसत नसेल तर दुय्यम आरशाच्या मागचे तीन बारीक स्क्रू थोडे थोडे फिरवा, आणि एक आवळण्याआधी दुसरा सैल करा. चिमट्या दिसल्या की नळीच्या मागे जा. तिथे तीन स्क्रू जुळवणीचे आणि तीन कुलपाचे असतात. कुलपाचे सैल करून जुळवणीच्या स्क्रूंनी मुख्य आरशावरचं मध्यबिंदूचं वर्तुळ भोकाच्या प्रतिबिंबाच्या मधोमध आणा. मग कुलपाचे स्क्रू हलकेच आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळताना जुळवणी सरकतेच. एफ/५च्या दुर्बिणीत दुय्यम आरशाची काळी सावली मुख्य आरशाच्या दिशेने किंचित सरकलेली दिसते. ती रचनाच तशी असते. तिला मधोमध आणायच्या नादात कित्येकजण तासभर स्क्रू फिरवत बसतात आणि जुळलेली दुर्बीण बिघडवतात.

खरा निकाल ताऱ्यावर. शंभर पटीच्या आसपास एखादा मध्यम तेजस्वी तारा मधोमध घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. वर्तुळात वर्तुळं दिसतील. ती एककेंद्री असली की काम झालं.

लेझर कॉलिमेटर विकत घ्यायची घाई करू नका. स्वस्तातला लेझर कित्येकदा स्वतःच वाकडा असतो. तपासायचं असेल तर फोकसरसारख्या नळीत तो गोल गोल फिरवा आणि समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा. ठिपका एका जागी राहिला तर लेझर सरळ, वर्तुळ काढू लागला तर वाकडा. वाकड्या लेझरवर विसंबून जुळवलेले आरसे न जुळवलेल्यांपेक्षा वाईट. आणि दुर्बीणच अजून घ्यायची असेल तर एक खूण लक्षात ठेवा. नळी अर्ध्या मीटरची आणि नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेलं, म्हणजे फोकसरमध्ये एक जोडभिंग बसवलेलं आहे. तिची जुळवणी नवशिक्याला रडवते. ती टाळा.

चौथी तक्रार, लहान दिसतं. म्हणजे आता आयपीस. दुर्बिणीचं निम्मं काम आरसा करतो आणि निम्मं आयपीस, तरी सोबत मिळणारा आयपीस कारखान्यातला सगळ्यात स्वस्त असतो. त्यावर ‘एच’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरं असतील, म्हणजे ह्युजेन्स किंवा रॅम्सडेन पद्धतीचा, तर तो बाजूला ठेवा. एफ/५ला तो मुळीच चालत नाही. आयपीसच्या नळीचा व्यासही मोजा. आजचं प्रमाण सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी. जुन्या खेळण्यातल्या दुर्बिणींना २४.५ मिमीचा लागतो आणि त्या मापात चांगलं काही मिळणं अवघड.

आपल्या १३० मिमीच्या दुर्बिणीत २५ मिमीचा आयपीस २६ पट देतो आणि साधारण दोन अंशांचं आकाश दाखवतो. अख्ख्या कृत्तिका त्यात मावतात. हा आयपीस बरा असतो, राहू द्या. १० मिमीचा ६५ पट देतो. सोबत येतो तो बहुधा सुमार असतो. आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ आकड्याने भागलं की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, आणि निवडीची किल्ली हीच आहे. २५ला ५ मिमी, १०ला २ मिमी. झोत पाच मिमीच्या वर गेला तर पिकलेल्या वयाच्या डोळ्याची बाहुली तितकी उघडत नाही आणि प्रकाश वाया जातो. शिवाय शहराचं आकाश राखाडी धुवट दिसतं. म्हणून सगळीकडे शिफारस होणारा ३२ मिमीचा प्लॉसल (चार भिंगांचा प्रचलित आयपीस) एफ/१०च्या दुर्बिणीला उत्तम, पण एफ/५ला शहरात फारसा उपयोगी नाही. खालच्या टोकाला झोत अर्ध्या मिमीवर आला की चित्र अंधारतं आणि स्वतःच्याच डोळ्यातले तरंगते कण दिसू लागतात. ‘व्यासाच्या दुप्पट’ हा नियम तिथूनच येतो.

विकत घ्यायचा एकच आयपीस असेल तर ६ मिमीचा, डोळ्याला ६६ अंश रुंद भासणारं दृश्य देणारा. वर्धन १०८ पट, प्रत्यक्ष आकाश ६६ भागिले १०८ म्हणजे ०.६ अंश, म्हणजे अर्ध्या अंशाचा पूर्ण चंद्र सगळाच्या सगळा मावतो. ६६ अंशांच्या मालिकेतले स्वस्त आयपीस ६, ९, १५ आणि २० मिमी असे चार येतात. पहिले दोन चांगले आहेत. १५ आणि २०चे एफ/५ला कडेचे तारे पाखरांसारखे पसरट करून दाखवतात, म्हणून संच घेऊ नये, सुटा घ्यावा.

बार्लो घ्यायचा तर २ पटीचा, दोन भिंगं जोडलेला, धातूच्या नळीचा. घेण्याआधी वही काढा. २५ आणि १० असतील तर बार्लोने १२.५ आणि ५ मिळतात, म्हणजे चार वेगळी वर्धनं. पण २० आणि १० असतील तर २०चा अर्धा पुन्हा १०च, पैसे निम्मे फुकट. काही बार्लोंचा भिंगाचा पुढचा भाग फिरवून सुटतो आणि थेट आयपीसच्या खालच्या आट्यांत बसतो. तसा लावला की तो साधारण दीड पट देतो. ६ मिमीला २ पटीचा बार्लो लावून २१६ पट होतात खरे, पण ते हवा अगदी शांत असलेल्या रात्रीच वापरायचे. डोक्यावरचे तारे जोरात लुकलुकत असतील तर शंभरच्या वर जाऊ नका.

पाचवी, डोळा टेकवता येत नाही ही तक्रार चष्मेवाल्यांची. प्लॉसलमध्ये डोळा ठेवायचं अंतर नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर-ऐंशी टक्के असतं. २५ला ते १८ मिमी, छान. ६च्या प्लॉसलला चार-साडेचार मिमी, म्हणजे पापण्या काचेला घासतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसर तो नंबर भरून काढतो. सिलिंडरचा नंबर बराच असेल तर चष्मा ठेवावा लागतो, आणि मग १५ मिमीच्या वर अंतर देणारे आयपीसच शोधावेत. ८ ते २४ मिमीचा झूम सोयीचा वाटतो, पण २४वर, जिथे रुंद दृश्य हवं असतं, तिथेच त्याचं दृश्य चाळीस अंशांच्या आसपास आक्रसतं. लहान मुलांच्या गर्दीला दाखवायला तो बरा.

शंका असेल तर आधी दुसऱ्याच्या आयपीसमधून बघावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईत खगोल मंडळाची मंडळी वांगणीला आकाशदर्शन घेतात. अशा रात्री आपली दुर्बीण घेऊन गेलं आणि सांभाळून विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

फिल्टर हा विषय लांबवण्यात अर्थ नाही. चंद्र डोळ्याला इजा करत नाही, फक्त दिपवतो; मून फिल्टर घेण्याआधी नळीच्या मोठ्या झाकणावरचं छोटं टोपण काढून मोठं झाकण तसंच लावून बघा. प्रकाश आपोआप कमी होतो. रंगीत फिल्टर मोठ्या आरशांसाठी ठेवा. रस्त्यावरचे दिवे पिवळे सोडियमचे होते तेव्हा प्रकाशप्रदूषणाच्या फिल्टरला काही अर्थ होता, कारण त्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरभोवती एकवटलेला असे. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरतो, तो अडवायचा कसा? यूएचसी फिल्टर मात्र काम करतो, कारण तो तेजोमेघांचे ४८६, ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरचे हिरवट-निळे प्रकाश तेवढे आत सोडतो. मृगातला तेजोमेघ आणि धनु राशीतला लगून २५ मिमीवर त्याने उठून दिसतात. आकाशगंगा आणि तारकागुच्छ यांना त्याचा उपयोग नाही. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ आपल्याकडे एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला चोवीसेक अंश चढतो, लंडनच्या माणसाला तो क्षितिजावर येतच नाही. त्याला कुठलाही फिल्टर नको, दक्षिणेचं अंधारं क्षितिज हवं.

एका फिल्टरबद्दल मात्र तडजोड नाही. आयपीसला खालून फिरवून लावायचा, ‘सन’ लिहिलेला गडद काचेचा फिल्टर खोक्यात निघाला तर तो फेकून द्या, कुणाला देऊही नका. आरशाने गोळा केलेली उष्णता तिथे एका ठिकाणी येते, काच पूर्वसूचना न देता तडकते, आणि डोळा आयपीसवरच असतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडाशी, पूर्ण तोंड झाकणारा हवा. बाडर कंपनीची दृश्य निरीक्षणाची फिल्म प्रकाश लाखांश करते. ती पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये न ताणता बसवायची; सुरकुत्या चालतात, ताण चालत नाही. प्रत्येक वेळी दिव्यासमोर धरून टाचणीएवढं भोक पडलंय का बघायचं. वाऱ्याने उडू नये म्हणून तीन ठिकाणी चिकटपट्टी, फाइंडर काढून खिशात, आणि सूर्य शोधायचा तो नळीची सावली सगळ्यात लहान होते तिथे. २ ऑगस्ट २०२७चं सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास आहे. भर पावसाळ्यात आहे हे वेगळं.

इक्वेटोरियल माउंटसाठी एका अक्षाची मोटर मिळते. १०८ पटीला ग्रह सव्वादोन-अडीच मिनिटांत दृश्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो, त्यामुळे चार जणांना दाखवताना मोटरचं सुख मोठं. पण त्यासाठी माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा पुण्यात साडेअठरा अंशांवर आणि नागपुरात एकवीस अंशांवर असतो. इतक्या खाली अक्ष झुकवला की हलक्या माउंटवर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. उत्तरेकडचा पाय वळवून बघा. तरी अडत असेल तर मोटरचा विचार सोडा. मोबाइल धरायचा क्लिप घ्यायचा तर तीन दिशांनी सरकणारा घ्या. २५ मिमीचा आयपीस, कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा टायमर, आणि चंद्र. डीएसएलआर थेट जोडायचा असेल तर बहुतेक लहान परावर्तकांत फोकस आत पुरेसा जातच नाही, तिथे बार्लो मध्ये घालावा लागतो.

गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. त्या हवेतून गुरू पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. मातीवर किंवा गवतावर दुर्बीण मांडता आली तर मांडा, आणि डोळा लावण्याआधी अर्धा तास तिला उघड्यावर ठेवा. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर. थंडीत, कोकणात तर जास्तच, दव पडतं. नळीच्या तोंडावर काळ्या फोमच्या चटईची गुंडाळी, व्यासाच्या दीडपट लांब, रबरबँडने बांधली की काम भागतं. दव पडलंच तर पुसू नका.

दुर्बिणीचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. आरशावर आणि आयपीसच्या भिंगांत बुरशी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि ते मुलाम्यात उतरले तर परत निघत नाहीत. आयपीस, बार्लो, फाइंडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नारिंगी जेल हिरवं झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवलं की पुन्हा नारिंगी होतं. निळ्याचा गुलाबी होणारा प्रकार कोबाल्टचा, स्वयंपाकघरात नको. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. नळी ओली असताना झाकण लावू नका. आधी पंख्याखाली तासभर सुकवा, मग झाकण, मग मोठी पिशवी आणि त्यातही जेल. ऑक्टोबरात बाहेर काढल्यावर मुख्य आरशावर धूळ दिसेल. हवेच्या रबरी फुग्याने उडेल तेवढी उडवा आणि उरलेली तशीच राहू द्या. थोड्या धुळीने चित्रात फरक पडत नाही, पण रुमालाने एकदा पुसलं की ओरखडे कायमचे.